पट्टीवरचं अक्षर

२०२५ च्या जूनमधल्या एका शनिवारी गॅरेज आवरायला काढलं. दान द्यायच्या कपड्यांची काळी पिशवी भरत आली होती, तेवढ्यात मेघनानं खोक्याच्या तळाशी दडपलेला एक लाल शर्ट ओढून काढला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "हे काय चिकट लागतंय?" फोर्टीनाइनर्सचा, म्हणजे आमच्या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा शर्ट, ९९ नंबरचा. नंबराच्या वर, जिथं खेळाडूचं नाव असतं, तिथं पांढऱ्या टेपची पट्टी होती. तिची डावी कड सुटून गुंडाळली गेली होती आणि सुटलेल्या जागी डिंकाचा काळपट थर बसला होता. त्या थरात पाच वर्षांची धूळ होती, कुठल्याशा स्वेटरची निळी लोकर होती. पट्टीवर काळ्या मार्करनं, ठसठशीत, जपून काढलेल्या अक्षरांत 'किनलॉ' लिहिलेलं, आणि सुटलेल्या कडेखालून 'बकनर'ची पहिली दोन अक्षरं डोकावत होती.

"कुणी लिहिलं हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मी. "का?" तिनं अगदी सहज विचारलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर सापडेना. "खोबरेल तेल लावून बघ, निघेल डिंक," असं म्हणून ती पुढच्या खोक्याकडे वळलीसुद्धा. तो 'का' मात्र माझ्याकडेच राहिला.

शर्ट दानाच्या पिशवीत गेला नाही.

तो मी २०१९ च्या शरदात घेतला होता. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहायला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर, सँटा क्लारात, टीमचं लीव्हाइज स्टेडियम २०१४ पासून उभं होतं. पण टीम इतकी हरायची की शर्ट घ्यावा असं कधी वाटलं नव्हतं. २०१६ मध्ये सोळा सामन्यांत दोन विजय, २०१८ मध्ये चार. ज्या वर्षी दोन जिंकले, त्याच वर्षी डीफॉरेस्ट बकनर आला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, सातवा. हवाईचा पोरगा, अंगानं डोंगर. बचावफळीच्या अगदी मध्यात उभा राहायचा, जिथं समोरचे दोघं-दोघं अंगावर येतात आणि कॅमेरा मात्र कडेनं धावणाऱ्याच्या मागे जातो. हरत्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटातही तो पहिल्या मिनिटासारखाच वाकून उभा असायचा. मला त्याचं तेच आवडलं होतं. मग २०१९ साली टीमनं तेरा सामने जिंकले, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, गाठला, त्यात शेवटच्या पाव भागात २०-१० अशी आघाडी होती, आणि कॅन्सस सिटीनं ती पुसून ३१-२० नं नेला. त्या रात्री मी तोच शर्ट अंगात घालून सोफ्यावर झोपलो होतो.

सहा आठवड्यांनी, १६ मार्च २०२० ला, दोन बातम्या एकाच दुपारी आल्या. एक, आमच्या इथल्या सहा काउंटींनी मिळून घराबाहेर पडू नका असं फर्मान काढलं. दुसरी, बकनरला इंडियानापोलिस कोल्ट्सला देऊन टाकलं, बदल्यात ड्राफ्टमधला तेरावा क्रमांक मिळाला. कोल्ट्सनं त्याला चार वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलर दिले, म्हणजे वर्षाला २ कोटी १० लाख. आणि त्याच दिवशी आमच्याच टीमनं अॅरिक आर्मस्टेडला पाच वर्षांचा, जास्तीत जास्त साडेआठ कोटींचा करार दिला. आर्मस्टेड आणि बकनर हे दोघं ऑरेगनला कॉलेजातही एकत्र खेळलेले. दोघांना ठेवण्याइतके पैसे खात्यात नव्हते. एकाला ठेवलं, एकाला दिलं.

कॅपचा, म्हणजे पगारांवरच्या मर्यादेचा, हा हिशेब ज्याला एकदा कळतो त्याला तो सोडत नाही. बत्तीसही टीमना वर्षाला सारखीच मूळ मर्यादा. मालक कितीही गब्बर असो. २०२० मध्ये ती १९ कोटी ८२ लाख होती, महामारीच्या फटक्यानं पुढच्या वर्षी १८ कोटी २५ लाखांवर आली, आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली. तेवढ्यात त्रेपन्न माणसं बसवायची. करार करताना जो बोनस हातात देतात तो खात्यावर मात्र पुढच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच वर्षांत, वाटून लिहितात. माणूस मध्येच गेला की उरलेला सगळा आकडा सहसा एकदम अंगावर येतो. सातबाऱ्यावरचा बोजाच तो. जमीन कसणारा गेला तरी उतरत नाही. इथले लोक त्याला डेड मनी म्हणतात, मेलेला पैसा. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादमामार्फत उचल मिळते, ती तोडणाऱ्याच्या डोक्यावर बसते आणि फिटेपर्यंत त्याला हलू देत नाही. इथं उचल खेळाडूच्या खिशात जाते आणि बोजा मालकाच्या वहीत चढतो. हा फरक कळला त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं होतं. पण त्याच्याच पोटात दुसरी गोष्ट आहे. बातमीत छापलेला आकडा आणि हमीचा आकडा हे दोन वेगळे आकडे असतात. हमी संपली की उरलेली वर्षं नुसती कागदावर.

आणि आमच्या टीमची ही वही कुणाकडे, तर पराग मराठे यांच्याकडे. २००१ पासून ते या टीमसोबत आहेत, खेळाडूंच्या करारांची बोलणी आणि कॅपचा हिशेब ही त्यांची ओळख, आणि आता इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबचे ते अध्यक्षही आहेत. इथल्या मराठी माणसाला विचारा, तो हे नाव घेताना किंचित ताठ होतो. मीही होतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचं ताट हातात घेऊन आम्ही चौघं-पाचजण बोनस कसा लांबवला, कुणाचा करार पुन्हा मांडून यंदाचे किती सुटले, यावर अर्धा-अर्धा तास बोललो आहोत. ज्या खेळात आपला एकही माणूस मैदानावर नाही, त्या खेळाच्या वहीत आपला माणूस आहे. मी हिशेबनिसाचा मुलगा. चांगली राखलेली वही बघून मला जे वाटतं ते दुसऱ्या कुणाला चांगला कॅच बघून वाटत असेल.

तर त्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला, सगळे आपापल्या घरात बसून. टीमनं तेरावा क्रमांक एक पायरी खाली सरकवला आणि चौदाव्यावर साउथ कॅरोलायनाचा जॅव्हॉन किनलॉ घेतला. त्याच जागी खेळणारा, वयानं कोवळा, आणि नव्या पोरांचे पगार ठरलेल्या कोष्टकातून येत असल्यानं बकनरच्या मानानं पुष्कळच स्वस्त. पुढं कळलं की त्याला नंबरही ९९ च मिळालाय. म्हणजे माझ्या शर्टावर चुकीचं होतं ते फक्त नाव. मी कपाटातून पांढरी टेप काढली, पट्टीनं मोजून कापली, शर्ट डायनिंग टेबलवर पसरला आणि एकेक अक्षर आधी पेन्सिलनं आखून मग मार्करनं गिरवलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. टाळ्या आल्या, 'परागरावांना म्हणावं, याला नोकरीला ठेवून घ्या' असंही कुणीतरी लिहिलं. लॉकडाऊनच्या त्या कोंदट दिवसांत ती संध्याकाळ फार छान गेली होती, हे मला आजही नाकारता येत नाही.

पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर २०२१ ला, कोल्ट्स इथं खेळायला आले. रविवारची रात्र. समुद्रावरून आलेलं वादळ, आणि पाऊस असा की मला पन्हाळ्याचा श्रावण आठवला, फक्त हा आडवा होता. मी वरच्या मजल्यावर, टेप लावलेला शर्ट घालून, वर बंद गळ्याचा रेनकोट. दिव्यांच्या झोतात पाण्याच्या नुसत्या रेघा दिसत होत्या, चेंडू साबणासारखा निसटत होता, हातातल्या कॉफीच्या कपात पाणी साचत होतं. आमच्या बाजूला किनलॉ नव्हता. त्याच्या गुडघ्यानं त्याला बसवलं होतं, त्या हंगामात तो चारच सामने खेळला. आणि समोर, पांढऱ्या शर्टात, घोड्याच्या नालेचं चिन्ह असलेलं हेल्मेट घातलेला ९९. तसाच, कमरेत वाकून उभा. इतक्या वरून चेहरा दिसत नाही, पण उभं राहण्यावरून माणूस ओळखता येतो. माझ्या मागं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यातली बाई दर वेळी तो ओळीत उतरला की हळूच त्याचं नाव घ्यायची, घरच्या पोराचं घ्यावं तसं. तिच्या अंगात नुसतं पारदर्शक प्लास्टिक होतं आणि आत जुना लाल शर्ट, पाठीवर त्याचं नाव, उघडं. मी सामना संपेपर्यंत रेनकोटची चेन खाली केली नाही. ३०-१८ नं हरलो. गर्दी पायऱ्या उतरत होती आणि माझ्या पाठीवर ती टेप ओली होऊन, प्रत्येक पावलाला, चामडीला चिकटून सुटत होती.

आमचे आण्णा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. आम्ही कॉलनीतच राहायचो. मळीचा वास दारं-खिडक्या लावल्या तरी गादीच्या खोळीत शिरायचा, आणि आम्हाला तो वास म्हणजेच घर वाटायचं. कारखान्यात कायम कामगार वेगळे आणि हंगामी वेगळे. गळीत सुरू झालं की हंगामी आत, पट्टा पडला की बाहेर. बंद काळात त्यांना थोडासा रिटेन्शन अलाउन्स मिळायचा, तेवढ्यावर उन्हाळा-पावसाळा काढायचा. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन व्हायचं, आणि त्याच्या आधी यंदा कुणाला कामावर घ्यायचं याची यादी गेटशेजारच्या फळ्यावर लागायची. यादी वरून ठरून यायची. लिहायचे आण्णा. त्यांचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं, मोत्यासारखं, शाईचा एक डाग नाही. टोकन नंबर, नाव, विभाग. गाळप कमी होणार असलं की यादी आखूड व्हायची.

एका वर्षी यादी लागली त्या संध्याकाळी केन यार्डातला एक माणूस घरी आला. नाव लिहीत नाही. दारातच उभा राहिला, आत ये म्हटल्यावर उंबऱ्याच्या आत चपला काढून भिंतीला टेकून बसला. बारा-तेरा हंगाम झाले होते त्याचे. भांडण नाही, रडणं नाही. "आण्णा, नाव ऱ्हायलं का काय माझं, एकदा बघा की," एवढंच. आईनं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला, फार सावकाश, जणू चहा संपेपर्यंत काहीतरी निघेल. आण्णा म्हणाले, "बाबा रे, यादी मी लिहितो. ठरवत न्हाई." तो मान हलवत राहिला. त्याला हे ठाऊकच होतं. तो गेल्यावर आण्णा तेच वाक्य पुन्हा आईला म्हणाले, जरा मोठ्यानं. आई बशी विसळत होती. मागं न वळता म्हणाली, "व्हय. पण अक्षर तुमचंच हाय की."

आण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

मी तेव्हा आठवीत असेन. आईचं बोलणं मला अन्यायाचं वाटलं होतं. आण्णांनी काय करायला हवं होतं? आजही मला ते सांगता येत नाही. यादी त्यांनी नाही लिहिली तर दुसऱ्या कुणीतरी, वेड्यावाकड्या अक्षरात, लिहिली असती. पण गॅरेजमध्ये मेघनानं विचारलं तेव्हा मला आधी आठवलं ते हेच. माझ्यापुढं तर कुणी यादी ठेवली नव्हती. मला कुणी सांगितलं नव्हतं. निवांत वेळी, स्वतःच्या टेबलावर, पेन्सिलनं आखून, मी एका माणसाच्या नावावर दुसऱ्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

बकनरची कीव करण्याचं काही कारण नाही, हे मला कळतं. वर्षाला २ कोटी १० लाख डॉलर घेणाऱ्या माणसाला भिंतीला टेकून बशीत चहा पिणाऱ्या माणसाच्या पंगतीला बसवणं बरोबर नाही, आणि मी तसं करत नाही. त्याला त्याच्या घामाचं मोल मिळालं, तिकडे पहिल्याच वर्षी तो ऑल-प्रो झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. शिवाय जो पैसा त्याला दिला नाही तो मालकाच्या तिजोरीत पडून राहिला असंही नाही. २०२० च्याच ऑगस्टमध्ये आमच्या जॉर्ज किटलला साडेसात कोटी मिळाले, पुढच्या जुलैत फ्रेड वॉर्नरला साडेनऊ. कॅपची रीतच ती. एकाच्या ताटातलं कमी केल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटात वाढता येत नाही. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला सगळ्यात शेवटचा, २६२ वा. २०२३ च्या हंगामात त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर, आणि त्या पगारात त्यानं आम्हाला सुपर बोलपर्यंत नेलं. तो स्वस्त होता म्हणून बाकीचे महाग राखता आले. २०२५ च्या मे महिन्यात त्याला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी मिळाले, वर्षाला ५ कोटी ३० लाख, आणि मला मनापासून आनंद झाला. पण त्याआधीच, मार्चमध्ये, जागा करण्यासाठी किती जण गेले ते मोजायला बोटं पुरेनात. हुफांगा गेला, ग्रीनलॉ गेला, वॉर्ड गेला, हारग्रेव्ह गेला. २०१७ पासून इथं असलेल्या काइल युसचेकला काढलं आणि काहीच दिवसांत कमी पैशांत परत घेतलं. तो आनंदानं परत आला. आर्मस्टेड, ज्याच्यासाठी बकनरला दिलं होतं, तो आदल्या वर्षीच गेला होता. आणि किनलॉ त्याच्याच बरोबरीनं, आधी न्यूयॉर्कला, मग वॉशिंग्टनला.

माझ्या जिवाला लागलंय ते त्याच मार्चमधलं. डीबो सॅम्युएल. २०२१ मध्ये ज्यानं झेललेल्या चेंडूंवर १४०५ यार्ड मिळवले आणि वर मागच्या फळीतून स्वतः चेंडू घेऊन पळून आठ टचडाउन केले, तो. त्याला पाडायला तीन-तीन माणसं लागायची. पाय असे आपटायचा की टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या छातीत धक्का बसायचा. सहा वर्षं अंगावर मार घेऊन त्याचा वेग उतरला होता, ते दिसत होतं. पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला वॉशिंग्टनला दिलं, आणि ३ कोटींहून जास्त डॉलरचा मेलेला पैसा मागं राहिला. बातमी आली तेव्हा मी भाजी आणायला गेलो होतो. मेथीची जुडी एका हातात धरून दुसऱ्या हातानं मी ग्रुपवर लिहिलं, "बरं झालं. वेळेत विकला. बोजा यंदाच फिटेल, पुढच्या वर्षी खातं साफ."

विकला. आठवडी बाजारात बैलाचे दात बघून परत आलेला माणूस जे म्हणतो ते. माझ्या ग्रुपमधल्या कुणालाही ते खटकलं नाही. चार अंगठे आले. मलाही तेव्हा खटकलं नाही, खटकलं ते जूनमध्ये, गॅरेजमध्ये.

ऑगस्टच्या अखेरीच्या सुमाराला दर वर्षी एक दिवस येतो, त्या दिवसापर्यंत प्रत्येक टीमला नव्वद जणांतून त्रेपन्न ठेवावे लागतात. बत्तीस टीम, प्रत्येकी सदतीस. सगळी मिळून अकराशे चौऱ्याऐंशीच्या आसपास माणसं. काहींना सरावाच्या तुकडीत परत घेतात, तिथं सोळा जागा असतात. बाकीचे बॅग उचलून पार्किंगमध्ये येतात. मी ती यादी वर्षानुवर्षं वाचतो, पण वाचतो ती वरची, राहिलेल्यांची. गेलेल्यांची यादी लहान टायपात असते. आता ठरवलंय की ती पूर्ण वाचायची, नावं मोठ्यानं उच्चारून. त्यानं त्यांचं काय होणार, काही नाही. पण त्या पावसात मागच्या रांगेतली बाई जे करत होती ते मला जमतं का बघायचंय.

मी हा खेळ सोडणार नाही, आणि वहीही सोडणार नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा बोनसची वाटणी बघत बसेन, हे मला माहीत आहे. वही राखणं हे वाईट काम नाही. आण्णांच्या हाताला लागलेली शाई मी लहानपणी लिंबाच्या फोडीनं घासून काढून द्यायचो, त्या हाताचा मला आजही अभिमान आहे.

रविवारी सकाळी शर्ट डायनिंग टेबलवर पसरला, त्याच टेबलावर. पट्टीची राहिलेली कड नखानं सोडवली. किनलॉचं नाव एका लांब, केसाळ आवाजात निघालं. खालच्या डिंकावर खोबरेल तेल चोपडलं, दहा मिनिटांनी बोटाच्या पेरानं चोळलं, तसे राखाडी मळाचे वळ निघायला लागले. हळूहळू अक्षरं मोकळी झाली. एका अक्षराचा कोपरा मात्र टेपबरोबर उचकटून गेला होता. तेवढ्यात कोल्हापुरातून आईचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे रात्र. "काय करालायस?" मी फोन टेकवून शर्ट दाखवला, आणि मग राहवलं नाही म्हणून त्या संध्याकाळचंही सांगितलं. केन यार्डातला माणूस, बशी, ती काय म्हणाली होती ते. ती बराच वेळ बघत राहिली.

"मी आसं म्हटलं हुतं? आठवत न्हाई बाबा." मग जरा थांबून, "जेवलं नव्हते त्या दिवशी, तेवढं हाय ध्यानात. आमटी तशीच ऱ्हायली."

मग तिचं लक्ष तेलाकडे गेलं. लाल कापडावर तेल पसरून नावाभोवती काळपट वर्तुळ झालं होतं. आता हे धुऊन जायचं नाही, म्हणाली, आधी वर पावडर टाक, अंगाला लावायची, चांगली जाड. रात्रभर ऱ्हाऊ दे, तेल ओढून घेईल. मी बाथरूममधून डबा आणला आणि ती सांगेल तसा नावावर उपडा केला. "आजून. आजून टाक." सगळं नाव पांढऱ्या थराखाली गेलं. सकाळी झटकायचं, म्हणाली, आणि हातानं चोळू नकोस.